लो-फॉडमॅप सुरू करण्याआधी: वाणसामान, मसाले आणि औषधांचा डबा

लो-फॉडमॅप म्हणजे आयबीएससाठी (पोटदुखी, वायू, जुलाब किंवा बद्धकोष्ठ यांचा जुनाट त्रास) काही शर्करा थोडे दिवस बंद ठेवून पाहण्याचं पथ्य. त्यातलं पहिलं काम रक्ततपासणीचं. किराणा नंतर. गहू बंद करण्याआधी सीलिअॅक रोगासाठीची (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो रोग) टीटीजी-आयजीए चाचणी करून घ्या. गहू सोडून बरेच दिवस गेले की ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि मग निदानासाठी पुन्हा पोळ्या खायला सांगतात. शौचातून रक्त, कारण नसताना उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, अंगात मुरलेला बारीक ताप, खाली गेलेलं हिमोग्लोबिन, यातलं काहीही असेल तर ही यादी बाजूला ठेवा आणि पोटाच्या डॉक्टरांना गाठा. आपल्याकडे आतड्याचा क्षय अजून सापडतो आणि तो पथ्याने बरा होत नाही. वजन आधीच कमी असेल, दिवस गेलेले असतील किंवा पथ्य लहान मुलासाठी असेल, तर आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

हा आहार मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचा. पीटर गिब्सन आणि स्यू शेपर्ड यांनी 2005 मध्ये फॉडमॅपची कल्पना मांडली. फॉडमॅप म्हणजे काही शर्करा: त्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पाणी ओढतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जिवाणूंनी आंबवल्या की वायू धरतो. ज्यांना आयबीएस आहे त्यांना हा ताण फार जाणवतो. ‘आतडं बरं करणारा आहार’ असं म्हणून तो खपवला जातो, ते मला मान्य नाही. दोन ते सहा आठवडे काही पदार्थ बंद ठेवायचे आणि मग एकेक परत आणून पाहायचं, अशी ती चाचणी आहे. त्यामुळे घरात काय आणायचं आणि काय नाही हे ठरवताना एकच प्रश्न विचारा: ही वस्तू पोटात गेली तर निकाल धूसर होईल का?

स्वयंपाकघरात खरी पंचाईत कांदा-लसणाची. दोन्हींत फ्रक्टन, म्हणजे फॉडमॅपमधलीच एक जात, असतात आणि ते पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून आमटीत अख्खी पाकळी टाकून नंतर काढून घेण्याचा उपयोग नाही, जे उतरायचं ते रसात उतरलेलं असतं. तेलात लसूण गुलाबी परतून, पाकळ्या पूर्ण निथळून काढल्या आणि त्या तेलात फोडणी केली, तर स्वाद मिळतो. हे तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. लसणाच्या तेलात बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, तेव्हा लागेल तेवढंच आणि ताजं करा. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग घ्या. घरातला कांदा-लसूण मसाला शेजारी द्या. गोडा मसाला चालतो, मात्र विकतचा असेल तर पाकीट उलटून पाहा.

हिंगाची डबी तर उलटून पाहायलाच हवी. आपण वापरतो तो बांधणीचा हिंग, म्हणजे हिंगाच्या रसात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ अनेकदा मैद्याचं निघतं. चिमटीभर हिंगातल्या मैद्याने फॉडमॅपचं गणित बिघडत नाही, त्यामुळे आयबीएसवाल्यांनी त्यावर डोकं फोडू नये. सीलिअॅक निघालं असेल तर मात्र तांदळाच्या पिठात बांधलेलाच हिंग शोधा.

पिठांमध्ये तांदूळ आणि ज्वारी यांवर निर्धास्त राहा. ज्वारी दळायला देताना गिरणीवाल्याला ‘गव्हावर नको, तांदळावर दळ’ असं बजावून सांगा. रवा, मैदा, शेवया, पाव आणि भाजणी यांना सध्या सुट्टी. भाजणीत गव्हाबरोबर हरभराडाळ आणि उडीद असतात, म्हणजे दोन्हीकडून फसगत. मासे तळताना रव्याऐवजी तांदळाचं पीठ लावा. मासे, अंडी, चिकन आणि मटण यांत फॉडमॅप नसतात, असतात ते वाटणात. उपवासाच्या फराळाकडे मात्र नव्याने बघा: साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, जिरं आणि साजूक तूप, सगळंच चालणारं आणि कांदा-लसूण मुळातच नाही. रताळं थोडंच घ्या, त्यात मॅनिटॉल असतं, तेही फॉडमॅपच.

डाळींवर सरसकट फुली मारू नका. पाव कप शिजलेली मसूर किंवा तेवढेच मूग, म्हणजे पन्नासेक ग्रॅम, बहुतेकांना सोसतात. भिजवलेलं पाणी फेकून द्या, भरपूर पाण्यात शिजवा आणि वरचं पाणी ओतून टाका, कारण त्रास देणारा भाग त्या पाण्यात उतरतो. वाटीभर तुरीचं वरण, राजमा आणि छोले यांची वेळ नंतर.

भाज्यांचं सोपं आहे. भेंडी, गाजर, काकडी, फरसबी, पालक आणि बटाटा आणा, वांगं बेताने घ्या. फ्लॉवर, मटार आणि मशरूम नको. फळांत संत्रं, पपई, अननस आणि जरा कच्चट केळं चालेल. सफरचंद, कलिंगड, सीताफळ आणि आंबा बंद. म्हणजेच मे महिन्यात सुरू करू नका, घरात हापूसची पेटी उघडलेली असताना कोणाचंही पथ्य टिकत नाही. दुधाला लॅक्टोज-फ्री दूध हा पर्याय. घरच्या दह्यात लॅक्टोज (दुधातली साखर) कमी होतं, पण संपत नाही. तुपाची काळजी नको. साखर प्रमाणात चालते, मध नाही.

आता पाकिटाची मागची बाजू. दर्शनी भागावर लिहिलेलं ‘ग्लूटेन-फ्री’ किंवा ‘शुगर-फ्री’ वाचून हुरळू नका. ग्लूटेन-फ्री बिस्किटांत इन्युलिन किंवा चिकोरीचं फायबर भरलेलं असू शकतं, आणि ते फ्रक्टनच. साखर नसलेल्या गोळ्या-च्युइंगमवर आयएनएस 420 (आयएनएस हा घटकाचा सांकेतिक क्रमांक) दिसलं तर ते सॉर्बिटॉल, 421 मॅनिटॉल, 953 आयसोमाल्ट, 965 माल्टिटॉल, 967 झायलिटॉल. हे पाच आकडे फोनमध्ये लिहून दुकानात न्या. नुसतं ‘मसाले’ किंवा ‘सीझनिंग’ लिहिलेली वेफर्सची पुडी जागेवर ठेवा, त्यात कांद्याची पूड असण्याचीच शक्यता जास्त.

एवढं सगळं सांभाळूनही माणसं फसतात ती औषधांच्या डब्यात. तो डबा टेबलावर रिकामा करा आणि एकेक वेष्टन वाचा. ‘प्री आणि प्रोबायोटिक’ कॅप्सूल किंवा सॅशेवर बारीक अक्षरात एफओएस किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड लिहिलेलं सापडेल. कांदा सोडायचा आणि त्याच जातीची शर्करा सॅशेतून घ्यायची, याला अर्थ नाही. साध्या प्रोबायोटिकचीही घाई नको. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीने 2021 च्या मार्गदर्शिकेत आयबीएससाठी प्रोबायोटिक न वापरण्याकडे कल दिला आहे, आणि विरघळणाऱ्या फायबरची शिफारस केली आहे. आपल्याकडे ते फायबर म्हणजे इसबगोल. साधी भुशी घ्या, चवीच्या पुड्या नकोत. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा, वर मोठा ग्लास पाणी प्या, आणि इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

चघळायच्या कॅल्शियमच्या गोळ्यांत सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉल असू शकतं, म्हणून गिळायची गोळी मागा. दूध कमी होणार आहे, तेव्हा कॅल्शियम हवंच का हे डॉक्टरांना विचारा, शाकाहारी असाल तर बी-12 चंही विचारा. खोकल्याची, लोहाची किंवा बी-कॉम्प्लेक्सची सिरपं बहुधा सॉर्बिटॉलवर गोड केलेली असतात, तिथे गोळी बरी. बद्धकोष्ठासाठी लॅक्ट्युलोज चालू असेल तर तेच आतड्यात आंबतं. ते आपणहून बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. गोळीत भरण म्हणून असलेल्या लॅक्टोजला घाबरू नका: कपभर दुधात साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज असतं, गोळीत जेमतेम काही मिलिग्रॅम ते काहीशे मिलिग्रॅम. व्हे प्रोटीनचा डबा असेल तर कॉन्सन्ट्रेट नको, आयसोलेट बघा, आणि त्यात इन्युलिन नाही ना ते तपासा.

घरगुती उपचारांनाही ही चाळणी लावा. च्यवनप्राशात मध असतो. अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर (रेचक मुळी) आणि बरीच साखर असते, आणि सोनामुखीची चूर्णं जुलाब करवतात. चाचणीच्या काळात ती घेतली तर पोट कशाने बिघडलं याचा पत्ता लागणार नाही. बडीशेपेचा कडक काढाही टाळा, जेवणावर चिमूटभर चघळायला हरकत नाही. नवीन गोळी, नवीन चूर्ण आणि नवीन पथ्य एकाच आठवड्यात सुरू करायचं नाही, एवढा नियम पाळला तरी खूप झालं.

सुरू करण्याचा दिवस कॅलेंडरवर गणपती, लग्न आणि परीक्षा टाळून निवडा. डब्यात काय जाणार याच्या पाच दुपारी आधीच ठरवा. घरच्यांना सांगा की भाजी एकच, फक्त कांद्याची फोडणी वेगळ्या कढईत. एक वही घ्या: काय खाल्लं, किती, झोप आणि पोट. स्त्रियांनी पाळीचे दिवसही लिहावेत, नाहीतर खापर निष्पाप गाजरावर फुटतं.

आणि परत आणायच्या पदार्थांचा क्रम आत्ताच वहीत लिहून ठेवा, कारण बरं वाटू लागलं की बंद केलेलं उघडायला कोणी धजत नाही, आणि जास्त काळ बंद ठेवलं तर आतड्यातले उपयोगी बिफिडोबॅक्टेरिया घटतात. लॅक्टोजसाठी दूध, फ्रुक्टोजसाठी मध किंवा आंबा, मॅनिटॉलसाठी मशरूम, गहू वेगळा, डाळ वेगळी. एका वेळी एकच, तीन दिवस, दररोज थोडं वाढवत, बाकीचं जेवण तसंच ठेवून. कांदा आणि लसूण यांची चाचणी मात्र एकत्र उरकू नका. कांद्याने त्रास झाला म्हणून लसणानेही होईलच असं नाही.