एअर सस्पेन्शनची गाडी जॅकवर स्थिर राहत नव्हती, शेवटी जमलं (माझा अनुभव)

माझ्या गाडीला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या. विक्रोळीला सर्व्हिस रोडवर मागचं डावं टायर बसलं. जॅक लावून गाडी उचलली की आतून हवा सुटल्याचा फुस्स आवाज यायचा आणि जॅक हळूहळू तिरका व्हायचा. जागा बदलली, खाली फळी टाकली, इग्निशन बंद केलं, तरी तेच. वर पाऊस, जाम वैताग आला.

कारण नंतर कळलं, कोपरा वर गेला की हाइट सेन्सरला वाटतं गाडी नको तेवढी उंच झाली, म्हणून सिस्टीम तिथली हवा सोडून लेव्हल करायला बघते, आणि इग्निशन बंद केल्यावरही ती थोडा वेळ जागी असते.

मग असं केलं. सपाट जागा, सगळे उतरले, हँडब्रेक, समोरच्या उजव्या चाकाला दोन्हीकडून विटा. इग्निशन ऑन, स्क्रीनवर सस्पेन्शनच्या सेटिंगमध्ये जाऊन जॅक मोड ऑन, म्हणजे सिस्टीम आपोआप लेव्हल करणं थांबवते (मॅन्युअलमध्ये जॅक असा शब्द शोधा, पटकन सापडतं). चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल. मग मॅन्युअलमधल्याच पॉइंटला जॅक. चाक खाली लोंबत राहतं त्यामुळे साध्या गाडीपेक्षा बरंच जास्त उचलावं लागतं, घाबरू नका, पण अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली नको म्हणजे नकोच. स्टेपनी लावून नट हाताने, गाडी खाली, मग पान्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट. जॅक पूर्ण बाहेर काढल्यावरच जॅक मोड ऑफ, इंजिन चालू, मिनिटभरात मागचा कोपरा आपोआप वर आला.