साइट स्लो झाली म्हणून लगेच होस्टिंग वाढवू नका

वेबसाइटचं काम शिकून एखाद्या दुकानाची साइट हातात घेतली, की हा प्रश्न लवकरच दारात येतो. मालकाचा फोन येतो, "साइट लई स्लो झालीया, बघा जरा." त्याच सुमाराला होस्टिंग कंपनीचा, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर जागा भाड्याने देणाऱ्यांचा, मेल येतो, तुमच्या प्लॅनची मर्यादा संपत आली, वरचा प्लॅन घ्या. दोन्हीकडून एकच सूर लागला की नवखा माणूस पैसे भरून मोकळा होतो. मी कोल्हापुरातल्या चपला, गूळ-मसाले आणि चांदीचे दागिने विकणाऱ्या छोट्या दुकानांच्या वूकॉमर्स साइट सांभाळतो. वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवणारं प्लगिन, साइटला जोडायचा जादा प्रोग्रॅम. माझं मत असं, की हा निर्णय होमपेज बघून घ्यायचाच नाही. चेकआउट, म्हणजे पैसे भरायचं पान, बघून घ्यायचा.

होमपेज आणि प्रॉडक्टची पानं कॅश होतात, म्हणजे एकदा तयार झालेलं पान पुढच्या हजार लोकांना तसंच दिलं जातं. कार्ट आणि चेकआउट मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं असतं, ते कॅश करता येत नाही. तिथे दर क्लिकला पीएचपी, म्हणजे पान तयार करणारा सर्व्हरवरचा कोड, चालतं, डेटाबेसला विचारणा होते. त्यामुळे महिन्याला किती लोक आले या आकड्यावरून काहीच कळत नाही. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमुळे कोल्हापुरी चपलेचं नाव जगभर बातम्यांत आलं. अशा वेळी साइटवर येणारे बहुतेक जण नुसते बघे असतात. कॅश नीट लावलेलं असेल तर साधं शेअर्ड होस्टिंगही, म्हणजे एकच सर्व्हर अनेक साइटनी वाटून घेतलेलं, तेवढं ओढतं.

आता बघायचं काय? शेअर्ड प्लॅन असेल तर बहुतेक सी-पॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या स्क्रीनवर) 'रिसोर्स यूसेज' नावाचं पान मिळतं. तिथे सीपीयू, मेमरी, डिस्कचं आयओ (वाचणं-लिहिणं) आणि 'एंट्री प्रोसेसेस' असे आलेख दिसतात. शेवटची गोष्ट नीट समजून घ्या. एकाच क्षणी तुमच्या साइटवर किती पीएचपी विनंत्या चालू राहू शकतात, ती ही मर्यादा. समजा ती २० आहे आणि चेकआउटची एक विनंती २ सेकंद घेते. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १० विनंत्या निघतात. एखाद्या जड प्लगिनने तोच वेळ ४ सेकंदांवर नेला, तर ५. हीच गंमत उलटही चालते. वेळ १ सेकंदावर आणला की पैसा न भरता क्षमता दुप्पट.

सीपीयूची मर्यादा गाठली की साइट बंद पडत नाही, मंदावते. मंदावलेल्या विनंत्या साचत जातात, एंट्री प्रोसेसेस भरतात आणि मग गिऱ्हाइकाला ५०८ चा एरर दिसतो, म्हणजे प्लॅनची मर्यादा संपल्याचा. म्हणून ५०८ दिसला की एंट्री प्रोसेसेसच्या आलेखावर अडकू नका, त्याच वेळचा सीपीयूही बघा.

यानंतरचं काम कंटाळवाणं, पण सगळी मेख तिथेच. अॅक्सेस लॉग, म्हणजे साइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंदवही, उघडायचा आणि आलेख ज्या वेळी वर गेला, त्या वेळच्या ओळी वाचायच्या. चप्पल लाइन या कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारातल्या एका दुकानाच्या साइटवर रोज संध्याकाळी ५०८ यायचा. मालकांची तयारी होती, "करा की अपग्रेड, हजार-दोन हजारानं काय हुतंय!" लॉगमध्ये गिऱ्हाईक थोडे आणि बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्रॅम, मायंदाळ. ते फिल्टरच्या लिंका चावत बसले होते. साइझ ७ आणि रंग तपकिरी, साइझ ७ आणि रंग काळा, मग तेच किमतीच्या क्रमाने, मग नव्या मालाच्या क्रमाने. प्रत्येक जोडीचा पत्ता वेगळा, त्यामुळे कॅशचा उपयोग शून्य. शिवाय 'कार्टमध्ये टाका'च्या लिंकाही ते उघडत होते, म्हणजे दर वेळी डेटाबेसमध्ये एक नवं सेशन, एका भेटीची नोंद. कुठे फिरू नये हे बॉटना सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये फिल्टरचे पत्ते बंद केले. जे बॉट ती फाइल जुमानत नाहीत त्यांना क्लाउडफ्लेअरवर, म्हणजे साइटच्या पुढे राहून रहदारी गाळणाऱ्या सेवेवर, नियम लावून अडवलं. ५०८ थांबला, प्लॅन तोच राहिला.

बाकीची साफसफाई पटकन सांगतो. फोनवरून काढलेले ५ एमबीचे फोटो तसेच चढवलेले असतात, ते लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करा. वर्डप्रेसचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करणारी यंत्रणा, पान उघडण्याच्या निमित्ताने चालतो, तो बंद करून सर्व्हरचा खरा क्रॉन लावा. काढून टाकलेल्या प्लगिननी ऑप्शन्सच्या टेबलात मागे ठेवलेला, दर विनंतीला लोड होणारा कचरा तपासा. पीएचपीची आवृत्ती जुनी असेल तर आधी साइटची कॉपी काढा आणि बदल तिच्यावर करून बघा.

एवढं करूनही अडत असेल, तर खुशाल वर जा. माझ्या लेखी सगळ्यात पक्की खूण म्हणजे पैसे कापले गेले आणि ऑर्डर 'पेंडिंग पेमेंट'वर अडकली. पेमेंट गेटवे पैसे मिळाल्याचा निरोप साइटला वेबहुकने, म्हणजे सर्व्हरकडून सर्व्हरला जाणाऱ्या आपोआप विनंतीने, पाठवतो. त्या क्षणी साइट ५०८ देत असेल, तर निरोप परत जातो. गेटवे नंतर पुन्हा प्रयत्न करतो, पण तोवर गिऱ्हाइकाचा फोन येऊन गेलेला असतो. कांदा-लसूण मसाला विकणाऱ्या एका ताईंच्या साइटवर दिवाळीआधी असंच झालं. त्यांची एक रील चालली आणि लोक एकदमच चेकआउटला आले. लॉगमध्ये बॉट नव्हते, खरी गिऱ्हाइकं होती. तिथे काटकसर करण्यात अर्थ नव्हता.

वर म्हणजे कुठे? इथे नवीन मुलं हटकून व्हीपीएसकडे, म्हणजे स्वतः सांभाळायच्या आभासी सर्व्हरकडे, धावतात. १ जीबी रॅमचं स्वस्त व्हीपीएस कधीकधी चांगल्या शेअर्ड प्लॅनपेक्षा कमी ओढतं. मेमरी संपली की सिस्टिम डेटाबेसच बंद करते आणि पानावर फक्त डेटाबेसशी जोडणी झाली नाही एवढंच दिसतं. रात्री दोनला ते पुन्हा सुरू करणारे तुम्हीच, सुरक्षेचे अपडेट टाकणारेही तुम्हीच. एकट्याने काम करत असाल तर थोडे जास्त पैसे देऊन मॅनेज्ड प्लॅन घ्या, तिथे सर्व्हर कंपनी सांभाळते. विकत घेण्याआधी पीएचपी वर्कर (एका वेळी विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) किती, रेडिस (डेटाबेसची उत्तरं मेमरीत ठेवणारं कॅश) मिळतं का, सर्व्हर मुंबईत आहे का आणि दुसऱ्या वर्षीचं बिल जीएसटी धरून किती, हे लेखी विचारा. पहिल्या वर्षाची किंमत बघून कुणी निर्णय घेतला की मला हसू येतं.

साइट हलवायची वेळ धंद्याच्या हंगामावर ठरवा. चामड्याची चप्पल पावसाळ्यात कोण घेतंय, तेव्हा चपलेच्या दुकानाला जून-जुलै बरा. गूळवाल्यांना दिवाळी ते संक्रांत हात लावू नका. आदल्या दिवशी डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवली जाते तो वेळ, ३०० सेकंदांवर आणा, सर्वात कमी ऑर्डर येतात त्या तासाला दुकान मेंटेनन्सवर टाका आणि मगच डेटाबेसची शेवटची कॉपी घ्या. नाहीतर मधल्या ऑर्डरी जुन्या सर्व्हरवर राहतात. दुकानाचा ईमेल त्याच होस्टिंगवर असेल तर त्याची सोय आधी लावा, साइट हलते पण मेल बंद पडतो आणि ते दोन दिवसांनी कळतं. हलवल्यावर छोट्या रकमेची खरी ऑर्डर स्वतः करून बघा, यूपीआयने एक आणि कार्डाने एक. जुना प्लॅन महिनाभर राहू द्या, मात्र त्यावरचा क्रॉन बंद करा, नाहीतर तिथली जुनी कॉपीही गिऱ्हाइकांना मेल पाठवत बसते.