मधूनच लुकलुकणारा लाइट: ढिला जॉइंट कसा शोधायचा

वायरमन येतो तेव्हा लाइट नेमका नीट चालू असतो. म्हणून त्याला बोलावण्याआधी दोन गोष्टी पाहून ठेवा: लुकलुकतो तो एकच लाइट, एका खोलीतले सगळे, की अख्खं घर? आणि त्या वेळी घरात दुसरं काय सुरू होतं?

एकच लाइट असेल तर दुसऱ्या खोलीतला चांगला बल्ब तिथे लावून बघा. फॉल्स सीलिंगमधला एलईडी काही मिनिटं जळून विझत असेल आणि थोड्या वेळाने आपोआप लागत असेल, तर बहुधा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारी छोटी डबी, तापतोय. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा हे हमखास होतं. यात वायरिंगचा दोष नाही. चांगला बल्बही लुकलुकला तर मेन आणि इन्व्हर्टर बंद करून होल्डर काढा आणि पिना बघा. काळ्या किंवा ढिल्या असतील तर होल्डरच बदला. बटण दाबताना चरचर आवाज येत असेल तर बटणही बदला.

खोलीतले सगळे लाइट एकदम लुकलुकत असतील तर दोष बहुतेकदा न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरच्या, जॉइंटमध्ये असतो. न्यूट्रल एका पॉइंटवरून दुसऱ्यावर फिरवलेला असतो, त्यामुळे एक स्क्रू ढिला झाला की पुढचे सगळे लाइट नाचतात. अशा वेळी पहिला लुकलुकणारा पॉइंट आणि त्याच्या आधीचा चांगला पॉइंट, हे दोनच बॉक्स उघडायचे.

उघडण्याआधी मेन बंद करा आणि इन्व्हर्टरही. एमसीबी (फ्यूजच्या जागचा, आपोआप पडणारा स्विच) पाडली तरी इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये करंट राहतो, हे अनेक जण विसरतात. टेस्टर मात्र मेन बंद करण्याआधीच चालू पॉइंटवर तपासून घ्या, आणि बंद केल्यावर त्यानेच बॉक्समध्ये करंट नाही ना ते बघा. मग प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. सुटली, तर काळं टोक कापा, 8 ते 10 मिमी नवं तांबं सोला, तारा पिळून स्क्रूखाली घट्ट दाबा. स्क्रू तांब्याऐवजी वायरच्या प्लास्टिकवर बसला तर महिन्याभरात तेच दुखणं परत. नुसती टेप गुंडाळलेला जॉइंट दिसला तर तिथे कनेक्टर लावा.

जुन्या घरांत लाकडी पट्टीवरची ॲल्युमिनियमची वायर सापडते. ती स्क्रूखाली हळूहळू दबून ढिली होते, आणि तांब्याशी थेट पिळली तर जॉइंट गंजतो. तिथे डागडुजीवर पैसे घालू नका, 1.5 चौरस मिमी तांब्याची नवी वायर ओढा आणि त्या लाइनला 6 अँपिअरची एमसीबी ठेवा.

कूलर सुरू होताच अख्ख्या घराचे लाइट मंद होत असतील तर मेन स्विच ते मीटर या टप्प्यातला जॉइंट संशयित. काही लाइट मंद आणि काही डोळे दिपतील इतके तेज झाले, तर मात्र मेन लगेच पाडा. थ्री-फेज लाइनचा (तीन फेज वायरी आणि एक न्यूट्रल) न्यूट्रल तुटला की काही फेजवर व्होल्टेज 230 च्या कितीतरी वर चढतं. फ्रिज, टीव्ही जळतात. मीटरचं सील तोडू नका, महावितरणला 1912 वर कळवा.