वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर प्रोटीन पोटात जाईल कसं

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा छोटा कप्पा वेगळा करून थेट आतड्याला जोडतात. त्यानंतर जठराचा जो कप्पा उरतो तो साधारण 30 मिलीचा असतो, म्हणजे दोन मोठे चमचे. स्लीव्हमध्ये, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून नळीसारखा भाग ठेवतात त्या शस्त्रक्रियेत, जागा जरा जास्त, 100 ते 150 मिली. पण सुरुवातीला आतून सूज असते, त्यामुळे तीही चटकन भरते. आणि एवढ्याशा जागेतून दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन जायला हवं. ते गेलं नाही तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, जखम भरायला वेळ लागतो आणि जिना चढताना पाय थरथरतात. तुमचा नेमका आकडा सर्जन किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा स्वतःच्या मनाने अजिबात ठरवू नका.

सवय शस्त्रक्रियेच्या आधीच लावायची. नंतर मळमळ असते, थकवा असतो, चव बदललेली असते. त्या दिवसांत नवीन काही शिकणं फार जड जातं.

आधीचे दीड-दोन महिने

पहिले तीन दिवस काहीही न बदलता फक्त लिहून ठेवा: काय खाल्लं आणि त्यात प्रोटीन किती. ढोबळ आकडे असे: एक अंडं 6 ग्रॅम, 200 मिली दूध 6 ते 7, 100 ग्रॅम दही 3 ते 4, शिजवलेला मासा किंवा चिकन 30 ग्रॅमला 7 ते 9, वाटीभर शिजवलेली दाट डाळ 6 ते 7. बहुतेकांच्या वहीत सकाळचा रकाना जवळजवळ रिकामा असतो आणि सगळं प्रोटीन रात्रीच्या जेवणात साठलेलं असतं. लहान पोटाला हे परवडत नाही, कारण राहून गेलेलं रात्री एकदम भरून काढता येत नाही. म्हणून आधी सकाळ दुरुस्त करा: उठल्यापासून तासाभरात किमान 15 ग्रॅम.

मग जेवणाचा क्रम बदला. ताटातलं प्रोटीन आधी, भाजी नंतर, पोळी-भात-पाव सगळ्यात शेवटी आणि जागा उरली तरच. घास अंगठ्याच्या नखाएवढा घ्या. तोंडात त्याची पेज होईपर्यंत चावा आणि तेवढा वेळ चमचा खाली ठेवा. जेवण 20 ते 30 मिनिटं चाललं पाहिजे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. वाचायला सोपं वाटतं, पण सवय मोडायला सगळ्यात अवघड हीच. आजपासून सुरुवात करा.

प्रोटीन पावडरही याच काळात चाखून ठेवा. मोठा डबा घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतर जीभ बदलते आणि आधी आवडलेली गोड चव नकोशी होते. लहान पुड्या घ्या, त्यातली एखादी बिनचवीची असू द्या. लेबलवर एका मापात 20 ते 25 ग्रॅम प्रोटीन आणि शक्यतो 5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असावी. दूध पचत नसेल तर व्हे आयसोलेट (दुधाच्या निवळीतलं, दुधातली साखर जवळजवळ काढून टाकलेलं प्रोटीन) किंवा सोया बघा. कोलॅजनच्या पावडरवर भिस्त ठेवू नका. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे आकडा दिसतो पण स्नायूंना पुरेसं काही मिळत नाही.

शेवटचे दोन आठवडे

या काळात बहुधा 800 ते 1000 कॅलरींचा, कमी कर्बोदकांचा आणि भरपूर प्रोटीनचा आहार देतात. यकृताचा डावा भाग जठरावर आडवा येतो आणि दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. कर्बोदकं कमी झाली की यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा आणि त्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी उतरतं, चरबीही घटते. यकृत लहान आणि मऊ होतं. म्हणूनच 'आता एकदाच मनसोक्त जेवून घेऊ' म्हणून शेवटच्या आठवड्यात मेजवानी करू नका, दोन आठवड्यांची मेहनत त्यात जाते.

मधुमेहाची औषधं घेत असाल तर हा आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिनचा किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांचा डोस तसाच ठेवून जेवण घटवलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतर

पहिले एक-दोन दिवस आरपार दिसणारे पातळ पदार्थ, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत दूध-सूपसारखे दाट द्रव, मग साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत वाटलेलं, सहाव्यापर्यंत मऊ आणि त्यानंतर हळूहळू नेहमीचं. प्रत्येक ठिकाणचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. तुमच्या हातात दिलेला कागद तोच खरा. पहिल्या आठवड्यात पाण्याला प्रोटीनपेक्षा आधी मान. दिवसभर घोट घोट घेत दीड लिटरपर्यंत पोचायचं.

वाटलेल्या अन्नाच्या टप्प्यातला एक दिवस असा जुळतो. सकाळी 200 मिली साय काढलेल्या दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर, प्रोटीन 12 ग्रॅम. दहा वाजता 60 ग्रॅम चक्का, 5. दुपारी एक मऊ अंडं कुस्करून, 6. चार वाजता पावडरचं एक माप 250 मिली पाण्यात, तासभर चघळत, 22. संध्याकाळी 40 ग्रॅम मासा रश्शात बारीक करून, 9. झोपण्याआधी 150 मिली दूध, 5. बेरीज 59. मासे खात नसाल तर 80 ग्रॅम मऊ टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) वाटून घ्या.

चक्का घरी सोपा: 500 ग्रॅम दही स्वच्छ फडक्यात बांधून चाळणीवर, खाली भांडं ठेवून फ्रीजमध्ये रात्रभर. सुमारे 200 ग्रॅम उरतो आणि तेवढ्याच घासात दह्याच्या दुप्पट प्रोटीन जातं. साखर घालू नका.

सूपमध्ये पावडर घालताना हमखास गाठी होतात, कारण उकळत्या सूपमध्ये व्हे अंड्याच्या पांढऱ्यासारखं साकळतं. पावडर आधी तीन-चार चमचे गार पाण्यात लापशीसारखी कालवा. सूप उतरवून बोट सहज बुडवता येईल इतकं निवू द्या, मग लापशी थोडी थोडी घालत ढवळा. पुन्हा उकळू नका. आणि नुसत्या पातळ सूपवर विसंबू नका. त्यात बहुतेक पाणीच असतं.

मऊ अन्नाच्या टप्प्यात घास अडकण्याची तक्रार सुरू होते, आणि दोषी बहुधा कोरडं चिकन असतं, त्यातही फ्रीजमधून काढून पुन्हा गरम केलेलं. दुसऱ्यांदा तापवल्यावर रस उडतो आणि धागे राहतात. खिमा करा, रश्शात मंद आचेवर शिजवा, उरलेलं रश्शासकटच ठेवा. छातीच्या मधोमध दाब आला, तोंडाला फेसाळ लाळ सुटली की थांबा. वरून पाणी पिऊन घास ढकलायला जाऊ नका, उलटी होते. उठून जरा चाला. तासाभरात उतरलं नाही, किंवा दिवसभर पाणीसुद्धा टिकत नसेल, तर सर्जनना लगेच फोन करा. उलट्या लांबल्या तर थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-1, झपाट्याने कमी होतं आणि त्याचा घाव मेंदूवर आणि नसांवर बसतो. सलाईन लावताना उलट्या किती दिवस आहेत ते आवर्जून सांगा. ग्लुकोज देण्याआधी थायमिन द्यावं लागतं.

बायपासनंतर गोड प्रोटीन शेक घटाघट प्यायल्यास दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. साखर नसलेला शेक घ्या, दोन भाग करा, सावकाश प्या.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. झपाट्याने वजन उतरल्यावर हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुधा थांबतं. तेव्हा नुसती बायोटिनची गोळी घेऊन बसण्यापेक्षा वहीत प्रोटीन आणि तपासणीत लोह बघा.

सहा-आठ महिन्यांनी भूक परत येते, तेव्हा बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम असे विरघळणारे पदार्थ लहान पोटातूनही सहज उतरतात आणि पोट भरल्याची खूण देत नाहीत. भुकेच्या वेळी आधी उकडलेलं अंडं किंवा चक्का खा आणि वीस मिनिटं थांबा.

पावलांवर सूज येऊन बोट दाबल्यावर खळगा राहत असेल तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, प्रोटीन बरंच कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. एरवी नेमून दिलेल्या रक्ततपासण्यांना जाताना मागच्या तीन दिवसांची वही सोबत न्या, ग्रॅमसकट. आहारतज्ज्ञांना त्यावरून पाच मिनिटांत कळतं की कमतरता सकाळी आहे की संध्याकाळी.