विहिरीतला दम आणि नौदलातला श्वास

"नौदलात काय होतास?" कुणी विचारलं आणि मी "पाणबुड्या" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे पाणबुडीवर?" नव्हे. पाणबुडीवाले पाण्याखाली कोरडे असतात, आम्ही भिजतो.

मी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. दम धरून तळाची माती वर आणायची, ही आमची शर्यत. कोचीच्या नौदल डायव्हिंग स्कूलमध्ये पोहोचलो तो हीच घमेंड घेऊन, आणि पहिली तीच उतरली. सिलिंडरची हवा घेताना दम धरायचा नाही, कधीच नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटतं. आणि घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो, दम कोंडून वर पळतो. म्हणून शिकवणारे पाण्याखाली मास्क ओढून काढतात, हवा बंद करतात, आणि तुम्ही तळाशीच बसून एकेक गोष्ट जागेवर आणायची.

कानांचं दुखणं पहिल्या दहा मीटरमध्येच जास्त. नाक दाबून हवा कानांकडे ढकलावी लागते, आणि सर्दी असली की ती जातच नाही. मी एकदा सर्दी लपवली. कानाच्या पडद्याला इजा झाली आणि काही आठवडे दुसऱ्यांची दोरी धरत काठावर बसलो. तिथे कळलं की गढूळ पाण्यात खालच्या माणसाची भाषा म्हणजे दोरीचे हिसके. ते चुकीचे मोजणारा अटेंडंट नको.

रचनेचं थोडक्यात. जहाजावरचा डायव्हर आपलं मूळ काम सांभाळून जहाजाचा तळ, पंखा तपासतो. क्लिअरन्स डायव्हरचा पेशाच हा: सुरुंग निकामी करणं, बुडालेलं शोधणं, काढणं. त्यांची पथकं मुंबई, विशाखापट्टणम, कोची या नौदल कमांडांकडे असतात. मार्कोस हे नौदलाचे कमांडो. डुबकी त्यांना पोहोचण्यासाठी लागते, आमचं काम तिथे पोहोचल्यावर सुरू होतं. फार खोल कामासाठी सॅच्युरेशन डायव्हिंग, म्हणजे खोलीइतक्याच दाबाच्या कक्षात दिवसेंदिवस राहून केलेलं काम. त्यासाठी 2025 मध्ये 'आयएनएस निस्तार' हे जहाज नौदलात दाखल झालं.

पण खोलीचं फार मनावर घेऊ नका. 14 ऑगस्ट 2013 ला 'सिंधुरक्षक' ही पाणबुडी मुंबईच्या गोदीत, धक्क्यालाच बुडाली. आत अठरा जण होते. पाणी तेलाने आणि चिखलाने काळं, दिसत काहीच नव्हतं. डायव्हरना हाताने चाचपत पुढे जावं लागलं.

भरतीआधी मुलं विचारतात, तयारी काय करू? पोहणं, धावणं तर कराच. शिवाय रात्री डोळ्यांना फडकं बांधून सायकलची चेन उतरवा आणि परत बसवा. नट हरवला तर फडकं न सोडता शोधा.