लोणी, चीज आणि कुंदा : फ्रेंच जेवणाची शिस्त आपल्या ताटात कशी आणावी

बेळगावात वजन कमी करायचे ठरले की पहिला बळी कुंद्याचा, म्हणजे दूध आटवून केलेल्या आमच्या मिठाईचा, जातो. दुसऱ्या दिवसापासून तूप बंद, भात बंद, शेंगाचटणीवरची तेलाची धार बंद, आणि पंधरा दिवसांनी एखाद्या मुंजीत किंवा साखरपुड्यात सगळे एकदम सुरू. या फेऱ्यातून मी स्वतः किती वेळा गेले आहे, हे मोजणेही मी सोडले होते. आवडते ते खाऊनही अंग आटोक्यात ठेवता येते का, या प्रश्नाचे उत्तर मला अनपेक्षितपणे फ्रान्समध्ये मिळाले. माझी भाची लिऑन शहरात शिकत असताना मी तिच्याकडे तीन आठवडे राहिले आणि तिच्या घरमालकीण आजींच्या टेबलावर चार वेळा जेवले.

त्यातले एक जेवण माझ्या डोळ्यांसमोर अजून जसेच्या तसे आहे. आधी किसलेल्या गाजराची, मोहरी आणि लिंबू लावलेली कोशिंबीर आली. ती सगळ्यांची खाऊन झाल्यावरच पुढचा पदार्थ आला, आणि तोही लोण्यात केलेला. शेवटी आजींनी कामाँबेर चीजची गोल लाकडी डबी काढली. ही चकती अडीचशे ग्रॅमची असते. मध्यापासून कडेपर्यंत सुरी फिरवून त्यांनी अंगठ्याएवढा त्रिकोणी तुकडा कापला, पावाच्या कापावर ठेवला, डबी माझ्याकडे सरकवली आणि मी घेतल्यावर कागद नीट मिटून ती परत फडताळात ठेवून दिली. चीज टेबलावर दुसऱ्यांदा फिरवायचे नाही, असा तिकडचा जुना संकेत आहे. तेवढा तुकडा खायला आजींना दहा मिनिटे लागली, आणि त्या दहा मिनिटांत आजी त्या चीजविषयीच बोलत होत्या.

माझ्या मते सगळे मर्म त्या मिटलेल्या कागदात आहे. फ्रेंच जेवणाला सुरुवात असते, क्रम असतो आणि शेवट असतो. लोणी, साय, चीज हे सगळे त्या चौकटीच्या आत येते. चौकटीबाहेर फारसे काही येत नाही.

वाइनच्या भानगडीत मात्र पडू नये. लोणी-चीज भरपूर खाणाऱ्या फ्रेंचांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू तुलनेने कमी कसे, या कोड्याला ‘फ्रेंच विरोधाभास’ असे नाव मिळाले आणि १९९१ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाने त्याचे श्रेय लाल वाइनला दिल्यावर तिची विक्री एकाएकी वाढली. पुढे हा दावा संशोधकांपुढे टिकला नाही. आज फ्रान्सची सार्वजनिक आरोग्य संस्थाच आपल्या नागरिकांना दिवसाला दोन पेल्यांपेक्षा जास्त नको आणि तेही रोज नको, असे सांगते. ज्यांच्या घरात मद्य नाही, त्यांनी या कारणासाठी ते आणण्याची काहीच गरज नाही. शिवाय सगळेच फ्रेंच सडपातळ असतात, हाही गैरसमज आहे. तिथल्या प्रौढांमधले लठ्ठपणाचे प्रमाण १९९७ साली सुमारे साडेआठ टक्के होते, ते २०२० साली सतरा टक्क्यांवर पोहोचले. तेव्हा आपल्याला शिकायचे आहे ते फ्रेंच माणसाकडून नव्हे, तर त्याच्या जुन्या जेवणपद्धतीकडून.

ताट लहान, वेळ मोठा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पॅरिस आणि अमेरिकेतले फिलाडेल्फिया या दोन शहरांतल्या एकसारख्या उपाहारगृहांमध्ये वाढले जाणारे पदार्थ वजन करून पाहिले. पॅरिसमध्ये सरासरी २७७ ग्रॅम, तर फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅम भरले. त्याहून बोलके निरीक्षण असे की, एकाच कंपनीच्या बर्गरच्या दुकानात पॅरिसचा गिऱ्हाईक सरासरी बावीस मिनिटे बसला आणि फिलाडेल्फियाचा चौदा मिनिटे. म्हणजे कमी खाणारा माणूस जास्त वेळ जेवत होता. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. जो दहा मिनिटांत ताट संपवतो, त्याला ती जाणीव होते तेव्हा दुसरी वाढ पोटात गेलेली असते.

म्हणून पहिले काम ताटापासून सुरू करावे. स्टीलचे मोठे परातीसारखे ताट बाजूला ठेवून लहान ताट घ्यावे आणि आमटी-भाजीसाठी लहान वाट्या काढाव्यात. एकदाच, एकाच दिवशी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर आपला नेहमीचा भात, आपली नेहमीची भाकरी आणि आपण ‘थोडेसे’ म्हणून घेतो ते तूप वजन करून पाहावे. एक लहान चमचा तूप म्हणजे पाच ग्रॅम, म्हणजे सुमारे पंचेचाळीस कॅलरी. मी मोजले तेव्हा माझे ‘थोडेसे’ चार चमचे भरले होते. तूप बंद करू नये. एक चमचा घ्यावा, पण तो गरम भातावर सगळ्यांत शेवटी सोडावा, म्हणजे त्याचा वास नाकापर्यंत येतो आणि तेवढ्यात समाधान होते. फोडणीत विरून गेलेल्या तीन चमच्यांनी ते होत नाही.

वेळ वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे सगळे पदार्थ एकदम न वाढणे. या बाबतीत आपल्या भागातल्या लोकांना फ्रेंचांकडे जाण्याचीही गरज नाही. चिकोडी, गोकाक, बैलहोंगल अशा कुठल्याही गावच्या साध्या खानावळीत बसले, तर ज्वारीच्या भाकरीसोबत कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, काकडी ताटात येतेच. फरक इतकाच की आपण ती शेवटी, भाकरी संपल्यावर, उरली तर खातो. फ्रेंच जेवणात कच्च्या भाज्या आधी येतात. ही अदलाबदल करावी: आधी पाच-सात मिनिटे फक्त मेथी-मुळा-काकडी, हवे तर वर दही आणि दाण्याचे कूट, मग भाकरी, भरली वांगी, आमटी, मग थोडा भात, आणि शेवटी ताक. रात्री भाजीचे पातळ सार किंवा कळण आधी प्यावे. फ्रेंच घरांतही रात्रीचे जेवण पुष्कळदा सूपवर भागते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

टेबल हवेच असे नाही. पाटावर बसले तरी चालते. परंतु जेवताना टीव्ही आणि मोबाइल नको, उभ्याने नको, आणि एकट्याने जेवावे लागले तरी ताट नीट वाढून घेऊन बसावे. पातेल्यातून, डब्यातून किंवा फ्रीजच्या उघड्या दारात खाल्लेले मनात जेवण म्हणून नोंदलेच जात नाही. फ्रेंचांनी ही बाब किती मनावर घेतली आहे, याचा अंदाज यावरून यावा की, कर्मचाऱ्यांनी कामाच्या जागी, आपल्या मेजावर बसून जेवू नये असा नियम तिथल्या कामगार कायद्यात आहे. कोरोनाच्या काळात तो २०२१ मध्ये तात्पुरता शिथिल करावा लागला. फ्रेंच पद्धतीच्या साग्रसंगीत भोजनाला २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, ते कुठल्याही एका पदार्थासाठी नव्हे, तर एकत्र बसून क्रमाने जेवण्याच्या रीतीसाठी.

मधल्या वेळचे खाणे

मला वाटते, आपल्याकडचे खरे दुखणे जेवण नाहीच. दोन जेवणांच्या मधला काळ आहे. फ्रान्समध्ये सकाळची हलकी न्याहारी, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान मुख्य जेवण आणि रात्री आठच्या सुमारास दुसरे जेवण, हे तीन खांब पक्के असतात. मुलांना चारच्या सुमारास मधल्या वेळचे खाणे मिळते आणि त्याला स्वतःचे नाव आहे, ‘गूते’. या चारखेरीज तोंड चालू ठेवणे वाईट सवय मानली जाते. २००७ पासून तिथल्या खाद्यपदार्थांच्या जाहिरातींवर आरोग्यविषयक सूचना छापाव्या लागतात, आणि त्यांतली एक थेट ‘जेवणांच्या मध्ये चरत राहू नका’ अशीच आहे.

आता आपला दिवस पाहावा. सकाळी उठल्यावर चहा, नाष्ट्यानंतर चहा, अकरा वाजता ऑफिसात किंवा दुकानात चहा, चार वाजता चहा-खारी, संध्याकाळी कुणी आले म्हणून चहा. प्रत्येक कपात दोन लहान चमचे साखर धरली, तर पाच कपांत पन्नास ग्रॅम साखर होते, म्हणजे दोनशे कॅलरी, आणि त्यात जिभेला आठवण राहील असे काहीही नाही. याच दोनशे कॅलरींच्या हिशेबात एरवी चविष्ट गोड पदार्थ बसला असता. तेव्हा चहा दोन वेळांवर आणावा. उरलेल्या वेळी साखर वगळावी किंवा साधे पाणी प्यावे. साखर एकदम सोडवत नसेल, तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावा; जीभ तीन-चार आठवड्यांत जुळवून घेते.

चुरमुऱ्यांचे गिरमिट, मिरची भजी, आप्पे यांच्यावर बंदी घालू नये. त्यांना संध्याकाळी पाचची एक ठरलेली जागा द्यावी, बशीत घेऊन बसून खावे, आणि ज्या दिवशी भजी झाली त्या दिवशी रात्रीचे जेवण सार-भातावर आणावे. भजी साडेआठला आणि जेवण साडेदहाला, ही आपल्या शहरातली नवी रीत मात्र मोडलीच पाहिजे.

कुंद्याचे काय करावे

कुंदा, गोकाकचे करदंट, शेंगापोळी, शेजारच्या धारवाडचा पेढा: एवढे गोड ज्यांच्या उंबऱ्यावर आहे, त्यांना ‘गोड सोडा’ असे सांगणे व्यर्थ आहे आणि माझ्या मते अन्यायाचेही आहे. फ्रेंच माणूस मिठाईच्या दुकानातून बहुधा माणशी एक नग नेतो. आपण पाव किलो, अर्धा किलो बोलतो, कारण वजनावर मागण्याची सवय आहे. दुकानदाराकडे शंभर ग्रॅम मागायला संकोच करू नये. चौघांच्या घरी शंभर ग्रॅम कुंदा म्हणजे माणशी पंचवीस ग्रॅम, एक भरलेला मोठा चमचा.

तो फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढावा, कारण थंडगार कुंद्याला दूध आटल्याचा खमंग वास येत नाही. लहान वाटीत घ्यावा आणि चहाच्या चमच्याने खावा. जेवण झाल्यावर, पोट भरलेले असताना, पहिला घास जिभेवर दाबला की तो रवाळ कण आणि आटलेल्या दुधाची किंचित करपट गोडी वेगवेगळी कळते. चौथ्या चमच्यापर्यंत ती बोथट होत जाते. उपाशीपोटी, डब्यातून, चार वाजता खाल्लेल्या कुंद्याचे हे सुख मिळत नाही आणि त्याला अंतही राहत नाही. उरलेला कुंदा झाकून लगेच जागेवर ठेवावा. तो झाकण्याची कृती माझ्यासाठी आता जेवण संपल्याची खूण झाली आहे. रोज गोड हवेच असेही नाही. साध्या दिवशी फ्रेंच जेवणाचा शेवट बहुधा फळाने किंवा बिनसाखरेच्या दह्याने होतो, आणि तिथल्या दह्याची डबी सव्वाशे ग्रॅमची असते. आपल्या घरचे कवडीचे दही एक वाटी त्याच जागी बसते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र गोडाचे हे गणित डॉक्टरांना विचारूनच मांडावे.

मुलांसाठी वेगळा स्वयंपाक करू नये. फ्रेंच शाळांच्या भोजनगृहात मुले मोठ्यांसारखेच क्रमाने चार-पाच पदार्थ जेवतात. २०११ च्या नियमानुसार पाणी आणि पाव हवा तितका घेता येतो, पण मीठ आणि सॉस मोकळे ठेवता येत नाहीत. पेय आणि खाऊ विकणारी यंत्रे तर २००५ पासूनच शाळांतून हद्दपार झाली आहेत. डब्यात गोड बिस्किटे घालण्याआधी हे आठवावे.

जेवणानंतर शतपावली करावी. लिऑनच्या आजी रोज बाजारात चालत जाऊन त्या दिवसापुरते आणत असत. टिळकवाडी, शहापूर, वडगावात राहणाऱ्यांना भाजी आणायला स्कूटर काढण्याची खरोखरच गरज नसते.

राहिला प्रश्न पंगतीतल्या आग्रहाचा, आणि सीमाभागात तो अवघड आहे, कारण कानडी पाहुणे आणि मराठी यजमान दोघेही आग्रहात सारखेच पट्टीचे असतात. लग्नात मांडा आला की तो नाकारू नये. असा हातावर पसरून, उलट्या कढईवर भाजलेला मांडा घरी कुणी करत नाही. मात्र त्या दिवशी आधीचा भात अर्धा घ्यावा आणि पुरी टाळावी. मांडा अर्धा मोडून शेजारच्याला द्यावा, आपल्या अर्ध्यावर कोमट दूध आणि चमचाभर तूप घालून तो सावकाश, बोटांनी कुस्करत खावा, आणि वाढपी परत आला की पानावर आडवा हात धरून, हसून, ‘पुरे, फार छान झालाय’ असे म्हणावे. दोनदा म्हटले की वाढपी पुढे सरकतो.