‘त्यात काय एवढं?’ : टीम सांभाळणाऱ्यांनो, या चुका टाळा

वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म भरताना ‘या वर्षातील तुमची प्रमुख कामगिरी’ या रकान्यापाशी हात थांबलाय कधी? माझा थांबलाय. टीम पहिल्यांदा हाती आली त्या वर्षी, शेवटच्या रात्री मी तिथे एकच वाक्य लिहिलं : ‘टीमने सर्व उद्दिष्टं वेळेत पूर्ण केली.’ खोटं नव्हतं ते, पण त्यात मी कुठेच नव्हते. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आला. वरिष्ठांनी शेजारी लिहिलं होतं, ‘टीमने केलं ते कळलं. तुम्ही काय केलंत?’

मला उत्तर देता येईना. मग कॅलेंडर उघडलं आणि एकेक आठवडा मागे जात राहिले. क्लायंटने मागितलेली तारीख जमणार नाही, असं मी मिटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे तीन आठवडे जास्त मिळाले आणि त्याच तीन आठवड्यांत चाचणी करताना एक मोठा घोळ सापडला. एक सहकारी राजीनामा लिहून बसला होता. त्याच्याशी तीनदा बोलून मी त्याचं काम बदलून दिलं आणि तो राहिला. या दोन्ही गोष्टी मी साफ विसरले होते, कारण त्यांना कामगिरी म्हणायचं हेच मला सुचलं नव्हतं.

तेव्हापासून स्वतःची कामगिरी स्वतःलाच न दिसण्याची हीच अडचण मी टीम सांभाळणाऱ्या अनेकांच्या बाबतीत पाहिली आहे. चुका साधारण त्याच असतात.

जुन्याच फूटपट्टीने मोजणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच येतात. स्वतः काम करत होतो तेव्हा संध्याकाळी हिशेब दिसायचा : इतक्या फाइली हातावेगळ्या केल्या, अहवाल पूर्ण झाला. टीम हाती आली की तो हिशेब बंद होतो. आता आपलं काम म्हणजे निर्णय घेणं, दोघांमधला गैरसमज मिटवणं, वरून येणारा दबाव आपल्यापाशी थांबवणं. यातलं काहीच टेबलावर ठेवून दाखवता येत नाही. त्यातही जे उत्तम जमतं ते तर दिसतच नाही, कारण जे बिघडलंच नाही ते कोणाच्या लक्षात येणार?

हे तुमच्या बाबतीत घडतंय का, हे ओळखायला सोपं आहे. ‘आज दिवसभर काहीच झालं नाही, नुसत्या मिटिंगा’ हे वाक्य तुमच्या तोंडी वरचेवर येत असेल, तर फूटपट्टी जुनीच आहे.

उपाय म्हणून आठवड्याच्या शेवटी दहा मिनिटं काढा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. या आठवड्यात मी कोणता निर्णय घेतला? काय बिघडता बिघडता सावरलं? माझ्यामुळे कोणाला नवीन काय जमायला लागलं? प्रत्येक उत्तरापुढे ‘मी हे केलं नसतं तर?’ याचं एका ओळीत उत्तर द्या. ही ओळ टाळू नका, खरी किंमत तिथेच कळते. ‘नव्या मुलीला क्लायंटशी बोलायला बसवलं’ ही नुसती नोंद झाली. ‘नव्या मुलीला क्लायंटशी बोलायला बसवलं. मीच बोलले असते तर पुढच्या महिन्यातही प्रत्येक फोन मलाच घ्यावा लागला असता’ असं लिहिलं की त्यातली तुमची कामगिरी दिसते.

आठवणीवर विसंबणं

‘लक्षात राहील की!’ नाही राहत. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मध्येच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवली. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी मिळाला नाही, पण टीम सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा : रात्री डोक्यात काय घोळतं, संपलेलं काम की अडकलेलं? शिवाय कौतुकाची दहा वाक्यं विरून जातात आणि टोचलेलं एक वाक्य वर्षभर पुरतं.

म्हणून नोंद त्याच आठवड्यात व्हायला हवी. वही चालेल, फोन चालेल. आभाराचा किंवा कौतुकाचा मेल आला की एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून द्या.

‘माझं काही नाही हो, सगळं टीमचंच’

हे वाक्य मनापासून येतं, म्हणूनच त्यावर जरा सविस्तर बोलायला हवं. स्वतःची टिमकी वाजवणारे लोक आपल्या सगळ्यांना नकोसे वाटतात. त्यांच्यासारखं दिसू नये म्हणून आपण दुसऱ्या टोकाला जातो. पण टीममधली माणसं आपल्याला पाहत असतात. साहेबांनी कौतुक केल्यावर तुम्ही मान खाली घालून ‘छे, छे’ म्हणालात की सगळ्यात नवखा माणूस त्यातून शिकतो, इथे केलेलं काम झटकून टाकायचं असतं. पुढे तुम्ही त्याचं कौतुक केलंत की तोही म्हणतो, ‘त्यात काय एवढं?’

उलट बाजूचा धोकाही खरा आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना घरातल्या कामांतला आपापला वाटा विचारला, तेव्हा बऱ्याच जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. मुद्दाम खोटं बोलायची गरज नसते. आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं, इतकंच. त्यामुळे आपला वाटा लिहून झाला की टीममधल्या एखाद्या स्पष्टवक्त्याला दाखवा आणि विचारा, ‘यात कोणाचं नाव राहिलंय का?’

बोलताना दोन्ही नेमकेपणाने सांगा. ‘तारीख पुढे ढकलायचा निर्णय माझा होता. त्या वेळात चूक शोधून काढली ती चाचणी गटाने.’ यात बढाई नाही आणि खोटी नम्रताही नाही. आणि ‘काय करणार, सगळे अवघड प्रोजेक्ट माझ्याच गळ्यात पडतात’ असं तक्रारीच्या आडून केलेलं कौतुक तर कटाक्षाने टाळा. अशा आडवळणी बढाईवर २०१८ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात सरळ बढाई मारणाऱ्यांपेक्षा हे लोक ऐकणाऱ्यांना जास्त नावडते ठरले.

एक संपलं की लगेच दुसरं

सकाळी काम पूर्ण आणि दुपारी पुढच्या कामाची मिटिंग! मध्ये अर्धा तास थांबायला काय हरकत आहे? सगळ्यांना बसवा, काय जमलं आणि कोणामुळे जमलं ते बोला, आपला वाटाही सांगा आणि उठा. टीम थकून गेली असेल किंवा कोणाची नोकरी जात असेल, तर मात्र समारंभ करू नका. तो आनंद तेवढ्यापुरता एकट्याने साजरा करा : ज्यांनी तुम्हाला हे काम शिकवलं त्यांना फोन करा.

एवढं करूनही ‘नशीब होतं’ असंच वाटत असेल तर

या भावनेचं वर्णन पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच केलं आहे. त्यांनी अभ्यासलेल्या स्त्रिया आपापल्या क्षेत्रात नाव मिळवलेल्या होत्या, तरी आपण लोकांना फसवतोय असं त्यांना वाटत राहायचं. अशा वेळी स्वतःशी वाद घालत बसू नका, नोंदवही उघडा. एखादं यश नशिबाने मिळतंही, पण वहीत सलग वीस आठवडे निर्णय दिसत असतील तर त्या निर्णयांना नशीब म्हणता येत नाही. आणि हे ओझं झोप उडवण्याइतकं असेल तर समुपदेशकाशी बोला.

फॉर्म उद्याच द्यायचा असेल तर

नोंदी नाहीत आणि वेळही नाही? वर्षभराचं कॅलेंडर आणि पाठवलेले मेल शेजारी शेजारी उघडा. ज्या मेलमध्ये तुम्ही ‘नको’, ‘थांबूया’ किंवा ‘मी बघते’, ‘मी बघतो’ असं लिहिलंय, ते आधी शोधा. मग टीममधल्या दोघांना एकच प्रश्न पाठवा : ‘या वर्षी माझ्या कोणत्या गोष्टीमुळे तुझं काम सोपं झालं?’ उत्तरं बहुतेक तासाभरात येतील, आणि त्यातलं एखादं तरी तुमच्या यादीत नसेल. फॉर्मवर सगळ्यात वर तेच लिहा.